चिंचेनं घासलेली पदकं

त्या वर्षी ईद आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येण्याची चिन्हं होती. आम्हा दोघांच्याही ऑफिसांना सुट्टी होती, मुलीची शाळा बंद होती आणि ताइफमध्ये गुलाबांचा हंगाम चालू होता. म्हणून रियाधहून गाडीनं ताइफला गेलो आणि चार दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेला एक फ्लॅट घेतला. सामानाची यादी मी आठवडाभर आधीच केली होती: गाडी, मसाल्याचा डबा, छोटा कुकर, चिंच, गूळ, गुढीचा तांब्या, काठीच्या जागी पडद्याचा दांडा, साखरेच्या गाठी. नवऱ्यानं यादी वाचली आणि म्हणाला, "मला लिहायला विसरलीस बघ." त्याला मी 'गाडी' या शब्दात धरलं होतं.

ताइफच निवडलं ते चाचांमुळे. चाचा श्रीवर्धनकडचे. रियाधमध्ये आमच्या ऑफिसची मिनी बस ते बरीच वर्षं चालवत. पहिलं वर्षभर मी त्यांची 'मॅडम' होते आणि आम्ही हिंदीत बोलायचो. एकदा एक गाडी आडवी घुसली, तेव्हा ते दातांतल्या दातांत म्हणाले, "मेल्या, डोळे घरी ठेवून आलास काय?" आणि मागच्या सीटवर मी मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून मी 'ताई' झाले. बस त्यांच्या कफीलची, म्हणजे त्यांना व्हिसावर आणणाऱ्या सौदी मालकाची होती. पुढे म्हाताऱ्या कफीलनं बसचा धंदा बंद केला, ताइफजवळच्या आपल्या वडिलोपार्जित गुलाबांच्या मळ्यावर तो राहायला गेला आणि चाचांनाही बरोबर घेऊन गेला. तीस वर्षं एकच कफील. इथं हे फार थोड्यांच्या नशिबी येतं. आता मात्र चाचा कायमचे परत निघाले होते. ईदनंतर तीन आठवड्यांनी त्यांचं विमान होतं, आणि त्याआधी एकदा भेटून जा, असा त्यांचा दोनदा फोन आला होता. फोनवर न सांगण्यासारखं एक काम आहे, असंही म्हणाले होते.

शुक्रवारी दुपारनंतर मळ्यावर पोहोचलो. चाचांचा रोजा होता, तरी आमच्यासाठी त्यांनी चहा करून ठेवला होता. मळ्याच्या मागे त्यांची खोली. नवरा आणि मुलगी गुलाब बघायला गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि खाटेखालून लबनचा, म्हणजे इथल्या ताकाचा, एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा काढला. वर्तमानपत्राच्या दोन थरांखाली माती होती. मातीत गंजलेल्या पत्र्याचे कपटे, कुजलेल्या कापडाच्या चिंध्या आणि रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठ्या दोन वस्तू. एक चार पाती असलेली, दुसरी चांदणीसारखी. दोन्हींवर माती इतकी घट्ट बसली होती की धातू कुठला ते कळत नव्हतं.

हिवाळ्यात गुलाबांची छाटणी झाल्यावर मेलेली झुडपं उपटून नवी लावण्यासाठी ते खड्डे घेत होते. जुन्या दगडी बांधाजवळ कुदळ एका पत्र्याच्या डबीवर बसली. डबी हातातच चुरा झाली आणि आतून हे निघालं. त्याला तीन महिने झाले होते. तेव्हाच कफीलला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते हळूच म्हणाले, "ताई, नीट बघा. हा क्रूस आहे. माझ्या खोलीत क्रूस आहे म्हटल्यावर पुढचं कोण ऐकून घेतं?"

शिवाय दुसरी एक भीती होती, तीही त्यांनी सांगितली. कफीलच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, काचेचं एक कपाट आहे. त्यात त्याच्या आजोबांच्या तुर्कांच्या काळातल्या वस्तू आहेत: खंजीर, शिक्के, नाणी, पट्ट्याचे बिल्ले. ते कपाट पुसायचं काम चाचांचं आणि त्याची किल्लीही चाचांच्याच जुडग्यात. मळ्यात सापडलं असं सांगावं आणि समोरच्याच्या मनात कपाट यावं, एवढं सोपं होतं ते. तीस वर्षांत चोर म्हणून कुणी बोट दाखवलं नाही आणि निघताना तेवढंच मागे राहायचं, हे त्यांना खात होतं.

"तुम्ही तपासणीच्या खात्यातल्या. हे काय आहे ते सांगा. खोटं, खेळण्यातलं असेल तर जिथून काढलं तिथं परत गाडतो. खरं असेल तर कफीलला सांगून सरकारात देतो. पण कळल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

मग डबा माझ्या हातात देताना म्हणाले, "असंच ठेवलंय हां. मातीसकट. हात लावला नाही." दोनदा म्हणाले. मी मान हलवली. मला वाटलं, घाण म्हणून त्यांनी हात लावला नसेल.

पाईप आणि व्हॉल्व्ह तपासून दाखले देणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. कामाला लागले की आधी यादी. फ्लॅटवर येऊन वहीत लिहिलं: स्वच्छ करणे, मोजणे, चुंबक, फोटो, जाणकाराला विचारणे. या क्रमानं. तो क्रम मी नंतर किती वेळा पाहिला असेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पाडव्याची तयारी. आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी तांब्यापितळेची भांडी चिंच-मिठानं घासतात. आई घासायची, सासूबाई घासतात, मी घासते. ताइफच्या त्या फ्लॅटमध्ये घासायला एक गुढीचा तांब्या आणि एक निरांजन होतं. चिंच भिजवलेली होतीच. हात चिंचेनं भरलेलेच होते म्हणून मी ती दोन पदकंही तिथंच ओढली. डब्यातली माती नळात गेली तर सिंक तुंबेल, म्हणून माती, चिंध्या, पत्र्याचे कपटे असं सगळं एका पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं आणि कचरा लगेच खाली नेऊन ठेवला, कारण घरात रात्रभर कचरा ठेवलेला मला चालत नाही. मग पदकं चिंचेत दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशनं घासली. माती सुटली, गंज सुटला, अंगठ्याला काळं लागलं. मळ असेल म्हणून मी आणखी थोडं घासलं. कडांवरून चांदी चमकायला लागली तेव्हा मला खरंच आनंद झाला. मुलीला हाक मारून दाखवलं. ती "नाइस" म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली.

पुढचं काम मी नीट केलं. पर्समध्ये माझ्याकडे मापं घ्यायचा छोटा व्हर्नियर असतो, हसायचं त्यानं हसावं. चार पात्यांचं पदक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बेचाळीस मिलिमीटर भरलं. फ्लॅटच्या फ्रिजवर पिझ्झावाल्याची जाहिरात चिकटवलेलं चुंबक होतं, ते लावून पाहिलं. मधल्या भागाला चिकटलं, कडेच्या चौकटीला नाही. म्हणजे आत लोखंड, बाहेर दुसरा धातू. भिंग धरल्यावर कडेला बारीक सांधाही दिसला. दोन चौकटींमध्ये लोखंडी पत्रा धरून धातूचा डाग देऊन जोडलेला होता. साच्यात एका ओतात केलेली नक्कल असती तर सांधा दिसला नसता. पुढच्या बाजूला मुकुट, एक रोमन अक्षर आणि १९१४. मागे ओकची पानं आणि १८१३. एकाच वस्तूवर शंभर वर्षांच्या अंतराचे दोन आकडे बघून मी वहीत 'बनावट?' असं लिहिलं.

दुसरं पदक पाच टोकांची चांदणी. लाल रंगाचे तुकडे तेवढे शिल्लक होते. मधे आडवी चंद्रकोर, सुलतानाची वळणदार सही आणि अरबी आकड्यांत १३३३. गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून वाचून हे आकडे आता आपोआप वाचता येतात. चालू हिजरी सालातून ते वजा केलं. शंभराहून जास्त वर्षं.

ओळखीत एकच जाणकार होता. आमच्या कंपनीच्या कामासाठी पूर्वी येणारे एक जर्मन इंजिनियर. आता निवृत्त होऊन आपल्या गावी असतात आणि जुन्या लष्करी पदकांचा त्यांना फार नाद आहे. एकदा जेवणाच्या टेबलावर या विषयावर ते सलग तासभर बोलले होते आणि बाकीचे एकेक करून उठून गेले होते. मी बसून राहिले होते, त्याचा आता उपयोग झाला. मोजमापांचा तक्ता आणि चौदा फोटो पाठवून दिले.

उत्तर पाडव्याच्या सकाळी आलं. आम्ही खिडकीशी आतल्या बाजूनं गुढी उभी केली होती. तांब्या लखलखत होता. बाहेर मशिदीतून ईदच्या नमाजाचा आवाज येत होता. मी फोन उघडला.

त्यांनी अगदी मन लावून लिहिलं होतं. पहिलं पदक जर्मन लोखंडी क्रूस, खालच्या दर्जाचा. १८१३ हे तो मान सुरू झाल्याचं साल, म्हणून पुढच्या युद्धातल्या पदकांवरही ते असतं. त्यामुळे ते बनावटीचं नव्हे, उलट खरेपणाचंच लक्षण. दुसरं पदक तुर्कांचं युद्धपदक. त्या पहिल्या महायुद्धात जर्मन आणि तुर्क एका बाजूला होते आणि जर्मनांनी तुर्की अधिकाऱ्यांनाही हे क्रूस दिले होते. ताइफला तुर्कांची छावणी होती, तेव्हा पुरणारा माणूस जर्मनच असेल असं नाही. बहुधा तुर्कच असावा. सांधा, चुंबक, माप आणि चौकटीवरच्या कोपऱ्यांचं काम बघता दोन्ही वस्तू खऱ्या आहेत असं त्यांना वाटत होतं.

मग एक ओळ सोडून त्यांनी विचारलं होतं की साफ करण्यापूर्वीचे फोटो कुठे आहेत. मूळ काळा रंग गेलेला दिसतो, तो कुणी घासला? आणि माती, कापड, डबी हे जपून ठेवलं आहे ना? शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथे दोनदा वाचलं. वस्तू खऱ्या आहेत हे मी फोटोवरून सांगू शकतो, असं त्यांनी लिहिलं होतं, पण त्या जमिनीत होत्या हे आता फक्त ज्यानं काढल्या तो माणूसच सांगू शकेल.

म्हणजे चाचा. ज्यांच्यावर नेमकं तेच स्वतःच्या तोंडानं सांगायची वेळ यायला नको होती. माती त्यांनी तीन महिने खाटेखाली सांभाळली ती घाण म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. 'मातीसकट' हा शब्द त्यांनी मला दोनदा ऐकवला होता. आणि मी साक्ष धुऊन, पुसून, चकचकीत करून, काचेच्या कपाटात शोभेल अशी दोन पदकं तयार करून ठेवली होती.

मुलीनं माझ्या खांद्यावरून मेल वाचला. "आई, यू वॉश्ड द एव्हिडन्स?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. तेच जास्त लागलं.

नवरा चपला घालून खाली गेला. पाठोपाठ मीही गेले. ईदचे नवे कपडे घातलेली माणसं गळाभेटी घेत होती आणि माझा नवरा पाडव्याच्या नव्या कुर्त्यात नगरपालिकेच्या कचरापेटीत वाकून बघत होता. पेटी रिकामी होती. पहाटेच गाडी येऊन गेली होती. वर येताना तो म्हणाला, "आयुष्यात एकदा तरी कचरा घरात राहू दिला असतास."

त्या दिवशी श्रीखंड कुणाला फारसं गेलं नाही. मी विचार करत होते की ऑफिसात माझ्या हातून हे कधीच घडलं नसतं. एखादा फुटलेला व्हॉल्व्ह आला तर त्याला हात लावण्याआधी फोटो काढायचा, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. भेगेत अडकलेली घाण हीच पुष्कळदा फुटण्याचं कारण सांगते. मग इथं काय झालं? मी डबा स्वयंपाकघरात नेला, एवढंच झालं. तिथं मी दुसरी बाई असते. तिथं काळं दिसलं की काढायचं, सण आला की उजळायचं. कशावरून काळं झालं, हे तिथं कुणी विचारत नाही. आईनं ज्या हातानं शिकवलं त्याच हातानं मी ते केलं, आणि त्या हाताला माझ्या नोकरीतलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी चाचांना फोन केला. ईद मुबारक म्हटलं आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "माती पण गेली?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं. उद्या या." रागावले असते तर सोपं गेलं असतं.

एखादी चूक झाली की तिचा अहवाल लिहायचा, ही आमच्याकडची पद्धत. काय घडलं, कुणी केलं, कशामुळे, आता काय करणार. वीस वर्षं मी इतरांच्या चुकांचे असे अहवाल लिहीत आले आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा 'कुणी केलं' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. कुठे सापडलं, कशात होतं, चाचांनी कसं ठेवलं, मी काय धुतलं, काय फेकलं, सगळं क्रमानं. इंग्रजीतलं ते एक पान मुलीनं फोनवर अरबीत करून दिलं.

सोमवारी सकाळी कफीलच्या मजलिसमध्ये गेलो. ईदचा दुसरा दिवस. त्याचे दोन वयस्कर नातेवाईक बसले होते. कफीलचा मुलगा तिथल्या पारंपरिक वेशात कॉफी ओतत होता, त्याला चांगलं इंग्रजी येत होतं. मला आत बायकांकडे बोलावलं, पण मी म्हटलं, आधी एक काम आहे. काचेचं कपाट माझ्या समोरच होतं. चाचा नेहमीसारखे दाराजवळ बसले नाहीत, उभे राहिले.

मी पदकं रुमालावर ठेवली आणि कागद मुलाच्या हातात दिला. त्यानं मोठ्यानं वाचला. म्हातारा कफील ऐकताना पदकांकडे बघत नव्हता, चाचांकडे बघत होता. चाचा गालिच्याकडे. वाचून झाल्यावर कफीलनं क्रूस उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, जमिनीत शंभर वर्षं पडलेली वस्तू अशी चमकते कशी? कागदात ते होतं, पण त्याला ते माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. माझं अरबी दुकानात आणि सरकारी खिडकीवर चालण्याइतपतच. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "अना गसल्त." मी धुतलं.

"लेश?" का?

काल आमचा सण होता, असं मी सांगितलं. सणाच्या आधी आमच्या घरी पितळ घासतात. चिंचेनं. चिंचेला अरबीत काय म्हणतात ते मला आठवेना, चाचांनीच खालमानेनं शब्द पुरवला. कफीलनं कोपऱ्यातल्या कॉफीच्या पितळी सुरयांकडे बोट केलं. त्या आरशासारख्या होत्या. त्याच्या घरातही ईदच्या आधी त्या घासतात, असं तो म्हणाला. नातेवाईक हसले. मला वाटलं, संपलं.

मग तो उठला आणि चाचांसमोर हात पसरला. चाचांनी जुडग्यातून कपाटाची किल्ली काढून दिली. म्हाताऱ्यानं कपाट उघडलं आणि एकेक वस्तूला बोट लावत वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत मोजायला लागला. ओठ हलत होते. खंजीर, शिक्के, बिल्ले, नाण्यांची ताटली. घाई नव्हती आणि रागही नव्हता. त्याच्या जागी मीही मोजलं असतं. यादी असेल तिथं मोजणी येतेच, मला दुसऱ्या कुणी हे सांगायची गरज नाही. पण चाचा उभे होते, आणि ती पाच मिनिटं मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही.

"तमाम," कफील म्हणाला. सगळं जागेवर आहे. किल्ली त्यानं चाचांना परत दिली. चाचांनी ती जुडग्यात घातली नाही, कपाटाच्या वर ठेवून दिली. कफीलनं ते पाहिलं. त्याच्या हातातली जपमाळ थांबली. मग तो मुलाला म्हणाला, पुरातत्त्वाच्या लोकांना फोन कर. आणि स्वतः चपला घालून चाचांना म्हणाला, चल, जागा दाखव.

ते दोघं बांधाकडे गेले. बरोबर कुणी जाऊ नये, असं मला वाटलं, म्हणून मी नवऱ्यालाही थांबवलं. लांबून दिसलं ते एवढंच की चाचांनी एका झुडपाशी बोट दाखवलं आणि म्हातारा अंगातला पायघोळ थोब सावरत उकिडवा बसला, मातीत हात घालून बराच वेळ चाळत राहिला. चाचाही मग बसले. उठताना त्यानं चाचांच्या खांद्याचा आधार घेतला.

सुट्टी संपल्यावर सरकारी माणसं येऊन पदकं घेऊन गेली. जागेचं माप घेतलं, पावती दिली, आणि शोधणारा म्हणून पावतीवर चाचांचं नाव घातलं. चाचांना कुणी उलटसुलट विचारलं नाही, क्रूसाबद्दल तर मुळीच नाही. आलेल्यांपैकी एकानं फक्त विचारलं की एवढी चकाकी कुणी आणली, आणि माझा कागद वाचून मान हलवली. हे सगळं मला चाचांनी नंतर फोनवर सांगितलं.

पण त्या सोमवारी आम्ही निघताना ते गाडीपर्यंत आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही धुतलंत त्याचं काही नाही, ताई. बायामाणसांनी घासायचंच. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, ते पण झालं." त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "मोजलं त्यांनी. मोजायलाच पाहिजे होतं, मला कळतं. पण मी तिथं असताना मोजलं."

चूक झाली की तिच्यावर उपाय लिहायचा असतो, आणि या चुकीचा उपाय कुठल्याही रकान्यात बसत नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "तो कागद मला मराठीत लिहून द्याल? घरी पोरांना दाखवीन. अरबी, इंग्रजी तिथं कोण वाचतंय."

वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून मी लिहायला घेतलं. नवऱ्यानं इंजिन बंद केलं. इंग्रजीतल्यापेक्षा हे अवघड गेलं, कारण मराठीत लिहिताना 'सदर व्यक्ती' लिहिता येईना. चाचांनी हे काढलं, चाचांनी हे मातीसकट जपून ठेवलं, मी विचार न करता धुतलं, असंच लिहावं लागलं. लिहून झाल्यावर पान फाडून दिलं. चाचांची मराठी शाळा चौथीपर्यंत झालेली. ऊन होतं. डोळ्यांवर हात धरून, एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी ते पूर्ण मोठ्यानं वाचलं. एका ठिकाणी थांबले.

"वीतभर खोल लिहिलंय तुम्ही."

"तुम्हीच म्हणालात ना, वीतभर."

"दीड वीत. वीतभरावर तर गुलाबाची मुळंच असतात."

मी खोडून दीड वीत केलं आणि दुरुस्तीपाशी सही केली, आमच्याकडे करतात तशी. चाचांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या शेजारी, जरा वाकड्या अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.